थंड भात

एका गुरुवारी सकाळी माझी बायको वारली. मी पेपर वाचत होतो, ती चहा गाळत होती. डॉक्टर आले तेव्हा साडेनऊ वाजले होते.

दहाव्याला पिंड मांडल्यावर गुरुजींनी विचारलं, "त्यांना काय आवडायचं?" तिच्या मावशींनी बेसनाचे लाडू आणले होते, तेच पिंडाशेजारी ठेवले. कावळे समोरच्या झाडावर बसून राहिले. मेहुण्याने हात जोडून काय काय कबूल केलं, तरी एकही खाली उतरला नाही. तासाभराने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

तिला सुशी आवडायची, हे मला ठाऊक होतं. घाटावर, गुरुजींसमोर, कच्च्या माशाचं नाव घ्यायची मला लाज वाटली.

पुण्यात दर वाढदिवसाला ती मला त्या हॉटेलात न्यायची. मी शाकाहारी घरातला. तिच्यासमोर बसून भाज्यांचं सूप प्यायचो. ती म्हणायची, "एक घास खाऊन बघ. मासा चावणार नाही तुला."

"शिजवलेलाही नाहीये तो."

"मग घरी जाऊन दहीभात खा, आजोबा." अकरा वर्षं हेच चाललं. पुढच्या वर्षी बघू, असं मी म्हणायचो.

वर्षश्राद्धानंतर मी हैदराबादची बदली मागून घेतली. बरकतपुऱ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीणबाई राहतात; पिढ्यान् पिढ्या इथल्याच, मराठीच. बायकोच्या वाढदिवशी रविवार आला. फोनवर सिकंदराबादचं एक दुकान सापडलं आणि मी आठ तुकडे मागवले. मासा घातलेले.

पार्सल यायला दीड तास लागला. बाईच ते वर घेऊन आल्या.

"इत्तकं हलकं? बिर्याणी नाही वाटतं."

"जपानी आहे. भातच असतो."

त्यांनी पिशवीला खालून हात लावून पाहिला. "थंडा झालाय हो. द्या इकडे, फोडणी घालून आणते."

"नको. तो थंडच खातात."

"थंडा भात मागवून खाता?" मला बरं नसावं अशा नजरेने त्या बघत राहिल्या. "लोणचं तरी पाठवते."

डबा उघडला. बाहेरून गुंडाळलेलं काळं समुद्री शेवाळ चामड्यासारखं चिवट झालं होतं. भात कोरडा पडला होता आणि त्यावर काळे तीळ होते. पहिला तुकडा उचलताच सुटला. शितं टेबलावर सांडली. मी ती गोळा केली आणि तळहातावर घेऊन दाबू लागलो. घट्ट वळा, सुटता कामा नये, असं गुरुजी त्या दिवशी म्हणाले होते. हाताला ते आठवत होतं. गोळा पुरता वळून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय करतोय ते.

तो तसाच तोंडात घातला. आयुष्यातला पहिला मासा. गार, आंबट, फ्रिजचा वास असलेला. शितं टणक होती. आणखी दोन खाल्ले. चव बदलली नाही.

हे बिघडलेलं आहे, की हे असंच असतं? तिने अर्ध्या घासात सांगितलं असतं. वर मला हसलीही असती, कारण एवढी वर्षं थांबून मी नेमकी वाईट सुशी मागवली होती. की चांगलीच होती आणि मलाच ती कळत नव्हती? समोरच्या खुर्चीवर माझी ऑफिसची बॅग होती.

थोड्या वेळाने बाई आवकाय लोणच्याची वाटी घेऊन आल्या. "कसं होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि वाटी त्याच्या शेजारी ठेवली.

उरलेले पाच तुकडे मी दुसऱ्या दिवशी टाकून दिले. सोयासॉसच्या दोन पुड्या अजून फ्रिजच्या दारात आहेत. तिला काय आवडायचं ते मला माहीत आहे. त्याची चव मला माहीत नाही.