परबकाकांचे परत जाणारे मेल

मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. माझ्या कामात बिघाड असतो आणि बिघाडाला कारण असतं... वायर सैल, सेटिंग चुकलेलं, कोणीतरी नको ते बटण दाबलेलं. बाहेरचं, लागिरं वगैरे कोणी सुरू केलं की मी विषय बदलते. आजही बदलते. तरी शिवडीच्या गाळ्यात जे झालं ते लिहितेय, कारण ज्यांच्या बाबतीत झालं ते आता नाहीत आणि त्यांच्या मुलीनेच "लिही तू" म्हटलंय.

गिरणी संपाला तेव्हा वीसेक वर्षं उलटून गेली होती. परबकाका लालबागच्या एका गिरणीत विणकर होते. गिरणी बंद पडल्यावर शिवडीत एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांनी छोटा गाळा घेतला आणि शर्टाच्या कॉलरला लावायची लेबलं विणायला सुरुवात केली. मुलगी मनीषा ऑफिस बघायची. त्यांचा स्वतःचा मेल सर्व्हर होता — म्हणजे कपाटाशेजारी जमिनीवर ठेवलेला एक जुना कॉम्प्युटर, त्यावर चिकटवलेला कागद: "हा बंद करू नये."

एका सकाळी मनीषाचा फोन. "अगं, बाबांच्या पत्त्यावर कोणाचाच मेल पोचत नाहीये. माझ्या पत्त्यावर येतात. सगळ्यात मोठ्या पार्टीने दोनदा डिझाइन पाठवलं, दोन्ही वेळा त्यांच्याकडे परत गेलं. आता म्हणतायत, दुसरीकडून करून घेतो."

मी गाळ्यावर गेले. परत गेलेल्या मेलवर इंग्रजीत एक ओळ होती. अर्थ एवढाच — या नावाचं इथे कोणी नाही. पण सर्व्हरच्या यादीत काकांचं नाव व्यवस्थित होतं! मी माझ्या पत्त्यावरून मेल टाकला, तोही परत. काकांचं खातं काढून नव्याने केलं. तासभर ठीक, मग पुन्हा तेच.

मग मी लॉग उघडला. सर्व्हर आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मेलची नोंद ठेवतो ना, तो. काकांचा जो मेल परत जात होता, त्याची एक प्रत दुसऱ्याच खात्यात जमा होत होती. खात्याचं नाव — वसंत.

हे खातं आधीच्या टेक्निशियनचं असणार म्हणून त्याला फोन केला. "कोण वसंत? मी दोनच खाती केली होती मॅडम." मी ते काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत हजर. तिसऱ्या दिवशी मात्र मी इरेला पेटले. सगळी डिस्क पुसली, इंटरनेटची वायर उपसून बाजूला ठेवली, सगळं नव्याने घातलं आणि दोन खाती केली. मनीषा आणि काका. चहा प्यायले, यादी पाहिली.

तीन नावं.

भीती नाही वाटली, खरं सांगते. चीड आली. मी तिथूनच ओरडले, "मनीषा, हा वसंत कोण गं?"

तिला माहीत नव्हतं. पण मागे चालू असलेला माग थांबला. काका फडक्याला हात पुसत आले.

"ह्या नाव तुका कोणी सांगल्यान?"

मी स्क्रीन दाखवला. काका स्टुलावर बसले. मग सांगायला लागले. वसंत त्यांचा गाववाला, गिरणीत एकाच खात्यात कामाला, चाळीत एकाच खोलीत. संप लांबला तसा तो मालवणला निघून गेला. ठरलं होतं, गिरणी सुरू झाली की काका त्याला कळवतील.

"मनीषा व्हायची होती तेव्हा," काका म्हणाले. "मी गपचूप परत कामावर गेलो, बाय. संप मोडला मी. त्याला काय लिहिणार? त्याची तीन पत्रं आली. तिन्ही वेळा पोस्टमनला दारातूनच सांगितलं — या नावाचं इथे कोणी राहत नाही. पोस्टमन ओळखायचा मला. तरी त्याने तसा शेरा मारून परत नेली."

चौथं पत्र आलं नाही. शिमग्याला गावाहून माणूस आला तो वसंत गेल्याची खबर घेऊन.

मनीषा दारात उभी होती. तिने हे कधीच ऐकलेलं नव्हतं.

थोड्या वेळाने काकांनी विचारलं, "ह्या खात्यावर पाठवता येतं?"

येत होतं. मी कीबोर्ड मांडीवर घेतला. तेव्हा देवनागरीची सोय नव्हती, ते सांगत गेले आणि मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. दोनच वाक्यं. "वसंता, कागदां माकाच इली होती. मी घरातच होतंय."

पाठवला. लॉगमध्ये ओळ उमटली — पोचला. इथपर्यंत ठीक. तीन-चार मिनिटांनी खाली आणखी एक ओळ आली. वसंतचं खातं उघडलं गेलं, मेल वाचला गेला. कुठून? बाहेरून नाही, वायर तर टेबलावर पडली होती. याच मशीनवरून. आणि या मशीनचा कीबोर्ड माझ्या मांडीवर होता, माझे हात त्याच्या कडेला.

"काय लिवलाहा?" काकांनी स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं.

"वाचला, काका."

त्यांनी डोळे मिटले. दुपार कलेपर्यंत ते त्या स्टुलावरून उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी यादीत दोनच नावं होती. काकांचे मेल नीट यायला लागले, पार्टीही टिकली. माझ्या लाइनमधल्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते म्हणतात जुन्या बॅकअपमधून आलं असेल, व्हायरस असेल. बॅकअप नव्हताच. बाकी मला खरंच माहीत नाही. मी आजवर शेकडो सर्व्हर उघडले, असं पुन्हा कुठे दिसलं नाही.

काकांनी मात्र विचारणं सोडलं नाही. मी गेले की एकच — "उत्तर इलां?" दीडेक वर्षाने त्यांना परळच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं, तिथे भेटायला गेले. आवाज जवळजवळ गेला होता. नुसते ओठ हलवून विचारलं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "नाही, काका."

त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

हो म्हणायला काय गेलं असतं माझं?