आगटीत गेलेलं कार्ड

बसा, च्या येतोय. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या बरं का. मधीच हसलात तर माझं डोकं सटकतंय. अन् डोकं सटकलं की काय हुतंय, त्याचाच हा किस्सा हाय. असला गाढवपणा जिल्ह्यात दुसऱ्या कुणी केला असंल तर मला त्याच्या पाया पडायचंय.

मी फोटूवाला. लग्नं, बारशी, बँकेत लागतो तसला तोंड पाडलेला फोटू, सगळं काढतो. शाळेचं अन् माझं जमलं न्हाई. मास्तरनी एकदा हात उगारला, मी बी उगारला. संपली शाळा!

लग्नात माझ्यासंगं लाईट धरायला दस्तगीर असतो. एरवी त्याचं पंक्चरचं दुकान हाय. दहावी झालेला, शांत गडी. मी मांडवात कुणावर वराडलो की ह्यो लाईट वळवून माझ्याच डोळ्यात मारतो. म्हंजी काय, तर गप बस.

तिसरा बबन्या. त्याचं रान वर डोंगरात, पालीच्या पुढं घाट चढला की उजव्या अंगाला. हिवाळ्यात सकाळी तिथं असलं धुकं बसतं, की शेजारचा माणूस नुस्ता खोकल्यावरून वळखायचा.

तर आदल्या दिशी आमी अण्णाच्या पोरीचं लगीन केलतं. अण्णा म्हंजी खालच्या वस्तीवरला शेतकरी, भला माणूस. त्याचा पोरगा फौजेत. लई खटपट करून लग्नापुरती सुट्टी भेटली त्याला. इकडं बहीण सासरी निघाली, तिकडं ह्यानं बी बॅग उचलली. जायच्या आदी अण्णानं सगळं घर मांडवात उभं केलं.

"काढ बाबा," म्हणला. "सगळे एका जागी परत कवा उभे राहतेत, देवाला ठावं."

अण्णाची बायको हसायचं म्हणून हसली. पर पोराच्या बाहीचं कापड तिनं मुठीत धरलतं. मला दिसलं ते काचंतून. काढला फोटू.

दुसऱ्या दिशी सकाळी आमी तिघं डोंगरात. हुरडा! बबन्या ज्वारीची कणसं तोडायला, दस्तगीर आगटी पेटवायला. आगटी म्हंजी जमिनीत खड्डा, खड्ड्यात गोवऱ्यांचा इस्तू, अन् इस्त्यात कणसं खुपसायची. अन् मी? मी साहेब! मला धुक्याचे फोटू काढायचे हुते.

कॅमेरा डोळ्याला लावला, बटन दाबलं. न्हाई! परत दाबलं. न्हाई! मागच्या काचंवर तांबडी इंग्रजी अक्षरं लुकलुकायला लागली.

"थंडीनं बॅटरी मेली," मी म्हणलो. थंडीत मरतेच ती. मग काय, कॅमेरा बगलंत धरला, कानटोपीत गुंडाळला, लहान लेकरागत आगटीवर शेकला. अक्षरं जायनात.

"काय लिवलंय ते वाचू दे की," दस्तगीर म्हणला.

"तू गोवऱ्या फुक. फोटूतलं मला शिकवू नकु."

फुकायला लागला बिचारा. गोवऱ्या दवानं वल्या, नुस्ता धूर.

बऱ्याच येळानं जाळ धरला, कणसं आत गेली, अन् अण्णाचा फोन आला. "आरं, पोराचा फोन आलता गाडीतून. म्हणतोय, तो सगळ्यांचा फोटू मोबाईलवर पाठवा. त्याला लई आस लागलीय."

"खाली उतरलो की पाठवतो अण्णा!"

आता हे नीट ऐका. लग्नाचे सगळे फोटू कॅमेऱ्यातल्या कार्डात असतेत. एवढंसं असतंय ते, नखाएवढं. लगीन झालं की ते कार्ड काढून मी चुन्याच्या रिकाम्या डबीत ठिवतो, अन् कॅमेऱ्यात नवं घालतो. चुन्याच्या डबीला कोण हात लावतंय?

सहज म्हणून डबी उघडली. रिकामी!

"दस्तगीर! माझं कार्ड कुठंय बे?"

तो धुरात डोळे चोळत म्हणला, "कार्ड व्हय? ते मी आगटीत घातलं. पेटंनाच की. तुझ्या पिशवीत दिसलं."

"आगटीत?"

"मग? लगीन तर झालं. आता काय करायचंय ठिवून?"

सांगा, तुमी काय केलं असतं? शाणा माणूस दोन सवाल इचारतो. मी त्याची गचांडी धरली.

"जाळलं कावून बे? अण्णाचं सगळं घर हुतं त्यात!"

"हां, हुती की सगळ्यांची नावं. म्हणून काय झालं?"

"नावं? फोटू हुता भाड्या, फोटू!"

"फोटू?" तो गडबडला. "मला न्हाई दिसला गड्या."

अन् मग माझ्या तोंडातून निघालं. "तुला काय कळणार बे फोटूची किंमत? तुझ्या घरात तुझ्या बापाचा एक तरी फोटू हाय का?"

बबन्या आणखी कणसं घेऊन येतोता, तो जाग्यावर थांबला.

चाचा, म्हंजी दस्तगीरचे वडील, गेले तवा घरात त्यांचा एक बी फोटू न्हवता. मला ठावं हुतं ते. ठावं हुतं म्हणूनच तेच निघालं. राग आंधळा असतो म्हणतेत, खोटं हाय ते. रागाला बरूबर दिसतंय, कुठं मारायचं ते.

दस्तगीरनं माझा हात हळूच गचांडीवरनं काढला.

"न्हाई," म्हणला. "म्हणून तर तुझ्यासंगं लाईट धरत हिंडतो."

अन् खाली बसून काडीनं राख उकरायला लागला. मी बी बसलो. आगटी उपसली, हुरडा मातीत गेला, बोटं भाजली, तोंड काळं झालं. काय सापडतंय?

शेवटी अण्णाला फोन लावला अन् जमिनीवर ठिवला, मोठ्या आवाजावर. हातात धरायची हिंमत न्हवती.

"अण्णा, कार्ड जळालं."

"जळू दे की! लगीन झालं आता. इथं गठ्ठा उरलाय, पाहिजेल तेवढी घेऊन जा."

काय माणूस हाय बघा! माझ्या डोळ्यात पाणी आलं. "अण्णा, तुमी देवमाणूस. दुसरा असता तर मला झोडपलं असतं."

"येडा झाला का काय? फोटू तेवढा पाठव लवकर."

"फोटू कुठला अण्णा... तो कार्डातच गेला ना."

अण्णाचा आवाज बारीक झाला, "आता त्याला काय सांगू मी? अन् त्याच्या आईला?"

तुमाला सांगतो, अण्णानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दस्तगीरची काडी थांबली. "कार्डात फोटू? थांब. तू कॅमेऱ्याचं कार्ड म्हणतो का बे?"

"मग काय रेशनचं?"

"आरं येड्या, मी लग्नाचं कार्ड घातलं आगटीत! पत्रिका!"

त्यानं खिशात हात घातला. कागदाचा तुकडा काढला. पत्रिकेवरला गणपती, कडेकडेनं नीट फाडून घेतलेला.

"ह्यो जाळायचा नसतो. खाली गेल्यावर मारुतीच्या पारावर ठिवणार हुतो."

मी त्याच्या बापाला मधी आणलं, तवा ह्यो माझा गणपती खिशात घालून बसलता.

बबन्या म्हणला, "मग कॅमेऱ्याचं कार्ड कुठंय?"

दस्तगीरनं माझ्या बगलंतून कॅमेरा ओढला. काचंवरली राख पुसली. "सी, ए, आर, डी. कार्ड. मग फुल. कार्ड भरलंय बे! बॅटरी कशाची मेली? कालचं काढलंच न्हाईस तू!"

खरं हुतं. अण्णाच्या पोराला निरोप देण्याच्या गडबडीत कार्ड बदलायचंच राहिलतं. नवं कार्ड माझ्या सदऱ्याच्या खिशात, अन् अण्णाचं सगळं लगीन सकाळपास्नं माझ्या बगलंत!

जमिनीवरनं अण्णा वरडला, "आरं, भरलंय म्हंजी हाय ना?"

"हाय अण्णा, हाय!"

"मग मघाशी जळालं काय?"

"माझं तोंड, अण्णा."

फोटू त्याच दिशी गेला. फौजीनं उलटून एकच गोष्ट इचारली, "आईनं माझी बाही धरलती का? मला त्या टायमाला कळलंच न्हाई."

पर त्या आदीचं सांगतो, डोंगरावरचं. माफी मागायची हुती दस्तगीरची. आमच्यात कुणी कुणाची मागितलेली न्हाई. धुकं निवळलं हुतं, ऊन बरूबर त्याच्या तोंडावर आलतं. मी म्हणलो, "उभा राहा तिथं. तुझा फोटू काढतो. चांगला मोठा करून देतो, घरात लाव. तुझ्या लेकरांना तरी बापाचा फोटू ऱ्हाईल."

तो उभा राहिला. राखेचे हात पँटीला पुसले, केसं बसवली. माझ्याकडं बघितलं अन् म्हणला, "आदी कार्ड बदल."

"मला शिकवू नकु बे!" मी म्हणलो अन् ऐटीत बटन दाबलं.

तांबडी अक्षरं!

ह्या बारीला मात्र मला ती वाचता आली.