चालू गाडीशेजारच्या शुभाताई

दिल्लीतल्या द्वारकेच्या बाजारात कुणाची गाडी किल्लीसकट चालू उभी दिसली, की आमच्या शेजारच्या शुभाताई तिच्यापाशी जाऊन उभ्या राहतात. हातात भाजीची पिशवी, डोक्यावर ऊन, पण मालक येईपर्यंत हलायचं नाव नाही. तो आला की आधी मऊ आवाजात, "भाईसाहब, बंद करके जाया कीजिए." तो हसून म्हणतो, "आंटी, दो मिनट की तो बात थी!" मग मात्र त्या माझ्याकडे वळून मराठीत फुटतात, "दोन मिनिटं म्हणजे किती, ते मला विचार म्हणावं!" लोक बघतात, मला ओशाळायला होतं. तरी मी त्यांना ओढून नेत नाही.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचं तर विचारूच नका. स्टीअरिंगला लोखंडी दांडा, सीटवर रुमालसुद्धा नाही, पुढचा कप्पा रिकामा करून मुद्दाम उघडा ठेवलेला. "चोराला आधीच कळू दे बाई, इथे काही नाही." कुलूप लावल्यावरही हँडल पुन्हा पुन्हा ओढून बघतात.

जान्हवी, त्यांची एकुलती लेक, तेव्हा चार वर्षांची होती. संक्रांतीनंतरची बोचरी थंडी. दिल्लीत मराठी घरं विखुरलेली, त्यामुळे हळदीकुंकवाला एका संध्याकाळी तीन-चार सोसायट्या गाठाव्या लागतात. एका घरी मी आधीच पोचले होते. शुभाताई धापा टाकत आल्या. "बसत नाही गं, जानू मागच्या सीटवर झोपलीय. गार्डच्या वहीत एंट्री कोण करत बसणार, गाडी फाटकाबाहेरच आहे. हीटर चालू ठेवलाय." कुंकू लावून, तिळगूळ आणि वाण घेऊन त्या लगेच वळल्या. मीही त्यांच्याबरोबर उतरले.

फाटकाबाहेर गाडी नव्हती.

"इथेच लावली होती ना मी?" त्यांनी मला विचारलं. मी तर ती पाहिलीही नव्हती. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी आजही विसरले नाही. साडी गुडघ्यापर्यंत आवरून त्या रस्त्याच्या मधोमध धावत सुटल्या. मागून गार्ड आणि मी. गाड्या करकचून थांबत होत्या, लोक शिव्या देत होते. त्या प्रत्येक पांढऱ्या गाडीच्या काचेवर थापा मारत होत्या.

पुढच्या वळणावर दूधवाल्याच्या दुकानापाशी जान्हवी उभी होती. स्वेटर, पायांत नुसते मोजे. दुकानदाराने तिचा हात धरला होता.

"मम्मा, अंकल डर गए थे," ती म्हणाली. "बोले, उतर जा."

ताईंनी तिला उचलून छातीशी धरलं. गाडी कधीच मिळाली नाही. तिची आठवणही कुणी काढली नाही.

जान्हवी आता कॉलेजात आहे, गाडी शिकतेय. तिला त्यातलं काहीच आठवत नाही. परवा तिने ताईंच्या देखत मला विचारलं, "मावशी, आई अशी का आहे यार? चोरीला गेली तर जाऊ दे ना, इन्शुरन्स आहे!" भाजी चिरणाऱ्या ताईंची सुरी थांबली.

"स्वभाव असतो एकेकाचा," मी म्हटलं.

निघताना ताई लिफ्टपर्यंत आल्या. माझा हात घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "तिला कधी सांगू नकोस हं. घरात एक घाबरणारी पुरे."