काळी चौकट

आमच्या समाजाच्या वेबसाइटवर एकदा एक लग्न काळ्या चौकटीत गेलं. वर उमरेडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची निधनवार्ता, आणि त्याच चौकटीत, तिच्या खाली, नवरा-नवरीला शुभेच्छा. नवरीच्या बापाने मंडळाच्या सचिवांना फोनवर जे काही सुनावलं, ते सचिवांनी मला जवळजवळ जसंच्या तसं ऐकवलं.

चूक माझ्या बाबांची होती. विणकर समाजाच्या मंडळाची ही वेबसाइट बाबांनी निवृत्तीनंतर स्वतः शिकून उभी केली. तिच्यावर लग्नं असायची, मुलांचे निकाल असायचे, पण सगळ्यात जास्त वाचलं जायचं ते निधनवार्तांचं पान. प्रत्येक वार्तेभोवती काळी चौकट. ती उघडायची एक खूण असते आणि बंद करायची दुसरी. या खुणांना टॅग म्हणतात. बाबा ते सगळे हाताने लिहायचे. तयार साधनं वापरा म्हटलं की चिडायचे. रामदासपेठेतल्या ऑफिसात जन्मभर कारकुनी केलेला माणूस, उघडलेला कंस बंद केल्याशिवाय कधी चहाला उठला नसेल. त्यांनी चौकट उघडी सोडली हे कळलं तेव्हाच मी डॉक्टरांची वेळ घेतली.

पुढे डॉक्टरांनी सांगितलं, विसरण्याचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचाच राग आला.

सचिव म्हणाले, "ताई, काकांले आता आराम द्या. लोकं भडकून राहिले."

आराम द्या म्हणजे काम काढून घ्या. आई गेल्यापासून बाबा सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून बसायचे ते फक्त या पानांसाठी. तेही गेलं असतं तर अंथरुणातून उठायचं कशासाठी? मी सचिवांना म्हटलं, अशी चूक पुन्हा होणार नाही, हमी माझी.

मी मिहानमधल्या एका कंपनीत वेबसाइटींचंच काम करते. पानातले टॅग तपासून दुरुस्त करणाऱ्या लायब्ररी असतात, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड, आपण आपल्या प्रोग्रामला जोडायचा. त्यातली एक घेऊन मी बाबांच्या आणि वेबसाइटच्या मध्ये बसवली. उघडी चौकट ती सरळ पानाच्या शेवटी बंद करायची, म्हणजे लग्न पुन्हा आतच. म्हणून मी वरून नियम घातला की पुढची बातमी सुरू होण्याआधी मागची चौकट बंद झालीच पाहिजे. दुरुस्त केलेलं पान आधी माझ्याकडे यायचं आणि मी वाचून वेबसाइटवर चढवायची. ज्या पानात एकही चूक नाही, ते मात्र थेट जायचं. तशी पानं आता येतच नव्हती.

बाबांना यातलं काही कळलं नाही. संध्याकाळी मी मनीषनगरला घरी पोचले की ते मला हाताला धरून स्क्रीनसमोर न्यायचे.

"पाय वं, एक टॅग उघडा नाही. तुमच्या कंपनीतल्या पोट्ट्यांले जमते का असं?"

"नाही जमत, बाबा," मी म्हणायची.

त्याच पानातल्या चुकांची भलीमोठी यादी लायब्ररीने मला दुपारी पाठवलेली असायची. चुका वाढत चालल्या होत्या. एकाची तेरवी दुसऱ्याच्या नावाखाली जायची. हे लायब्ररीला समजत नाही. चौकट बंद झाली की तिचं समाधान होतं. मग जेवणाच्या सुट्टीत मी एकेका घरी फोन करून विचारायची, तुमच्याकडचं कोण गेलं, तेरवी कधी आहे. समोरचं माणूस रडायला लागायचं, आणि मला स्वतःची लाज वाटायची.

एके दिवशी दुपारी ऑफिसात आत्याचा फोन आला. "काहून वं, वहिनी जाऊन तर किती वर्सं झाले. दादानं आज हे काय टाकलं?"

मी वेबसाइट उघडली. सगळ्यात वर आईचं नाव होतं. आज सकाळी राहत्या घरी निधन, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता निघेल. चौकट नीट उघडलेली, नीट बंद केलेली. लायब्ररीला त्या पानात एकही चूक सापडली नव्हती, म्हणूनच ते मला न विचारता वर गेलं होतं. आई गेली तेव्हाही ही वार्ता बाबांनीच लिहिली होती, मला हात लावू दिला नव्हता. बाकी सगळं सुटत चाललं होतं, पण ती एक वार्ता बोटांत पक्की बसली होती.

मी पान काढून टाकलं. ज्यांचे ज्यांचे फोन आले त्यांना सांगितलं, चुकून गेलं, येऊ नका. सचिवांचाही आला. या वेळी ते ओरडले नाहीत, फक्त पासवर्ड बदला म्हणाले. मी बदलला आणि घरी निघाले.

दार सताड उघडं होतं. बाबांनी सोफा भिंतीला सरकवून बैठकीत सतरंजी अंथरली होती. ते दाराशी खुर्चीत बसले होते, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. डोळे रडून सुजले होते. त्यांची बायको आज सकाळीच गेली होती.

"चारची वेळ टाकली होती ना वं मी," ते म्हणाले. "चार तर वाजून गेले. लोकं काहून येऊन नाही राहिले?"

इतकी वर्षं समाजातल्या कोणाच्याही घरी माणसं जमायची ती बाबांचं पान वाचून. त्यांच्या स्वतःच्या दारात कोणी नव्हतं, आणि येऊ नका असं सगळ्यांना मीच सांगून बसले होते.

मी दाराबाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन सतरंजीवर बसले.