उसना कुत्रा

इवाकिरी तामेओ आयुष्यभर बस चालवत होता, आणि त्याची बस एकदाही उशिरा आली नाही, असं तो स्वतःच सांगायचा. निवृत्तीनंतर हातात बस उरली नाही, म्हणून तो गल्ली चालवू लागला. कुणी कचऱ्याची पिशवी भलत्या वारी ठेवली की तामेओ दारात हजर. अशा माणसाच्या हातून एक चूक झाली होती, आणि वसंत आला तसा तो चोरासारखा वागू लागला.

दक्षिण जपानात, नीचिनानच्या किनाऱ्यावर डासांना तोटा नाही. डास चावला की कुत्र्याच्या रक्तात जंताची पिल्लं शिरतात आणि वाढून काळजात घर करतात. म्हणून उन्हाळाभर दरमहा एक गोळी, आणि शेवटची गोळी डास गेल्यावर, डिसेंबरात. तामेओने गेल्या साली ती शेवटची दिलीच नाही. "डासच मेले, मग गोळी काय त्यांच्या श्राद्धाला द्यायची?" असं तो आपल्या कुत्र्याला, गोन्ताला म्हणाला होता. गोन्ताने हरकत घेतली नव्हती.

आता नवीन गोळ्या रक्त तपासल्याशिवाय मिळत नाहीत. जंत आधीच असले तर गोळीनेच कुत्रा जिवानिशी जायचा. शिवाय हिदाका डॉक्टरीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या सेन्सेई, भरल्या दवाखान्यात मोठ्याने विचारतात, शेवटची गोळी दिली होती ना?

तेवढ्यात शेजारच्या फुमिए-सान लेकीकडे कागोशिमाला निघाल्या आणि चोबीला त्याच्याकडे सोडून गेल्या. चोबी म्हणजे गोन्ताचा सख्खा भाऊ. पाठीपासून शेपटीपर्यंत एका साच्यातला. बाई अशा टापटिपीच्या, की चोबीच्या रक्तात जंत शिरायलाही परवानगी मागेल. तामेओने चोबीला गोन्ताचा पट्टा घातला आणि गोन्ता म्हणून दवाखान्यात नेलं.

"गोन्ता बारीक झाला का हो?" सेन्सेईंनी विचारलं.

"वय झालं, सेन्सेई. माझंही."

रक्ततपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. "इवाकिरी-सान, जंत आहेत."

"शक्यच नाही! ती बाई इतकी टापटिपीची..."

"कोणती बाई?"

"बायको. माझी."

"त्या वारल्या ना?"

"हो. पण टापटिपीची होती."

सेन्सेईंनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "गोळी अजिबात देऊ नका. उद्या या, उपचार ठरवू. वाचेल."

घरी येईपर्यंत तामेओची पाचावर धारण बसली. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर चोबी जातो. संध्याकाळी तो अंगणात माफीचं वाक्य घोकत उभा होता, तोच फुमिए-सान परतल्या. चोबीला त्याने सोडलं, तो धावत कुंपणापलीकडे त्यांच्या पायाशी गेला.

"आज सुरुवातच करून टाकते," त्या पर्समधून काहीतरी काढत म्हणाल्या. "गेल्या सालची गोळी उरलीये. तपासणीला गेलं की सेन्सेई चारचौघांत झाडतात बाई." चोबीने आ वासला.

"थांबा!" तामेओने कुंपणावरून झेप घेतली आणि गोळी हिसकावली. चष्मा फुलझाडांत गेला.

"वेड लागलं का तुम्हाला?"

"त्याच्या काळजात जंत आहेत!"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

मग त्याने सगळं सांगितलं, पट्ट्यासकट. आता आपली गत कचऱ्याच्या पिशवीसारखी होणार, असं तामेओला वाटलं.

"पण गोळी उरली कशी तुमच्याकडे?" त्याने हळूच विचारलं.

"दर साली उरते." त्यांनी चोबीला जवळ ओढलं. "डिसेंबरात डास कुठे असतात?"

दुसऱ्या दिवशी दोन म्हाताऱ्यांनी सेन्सेईंपुढे कंबरेत वाकून माफी मागितली. सेन्सेईंनी दोघांना भरल्या दवाखान्यात यथेच्छ झाडलं. गोन्ताची पट्टी एकाच रेघेवर थांबली, तेव्हा तामेओ खुर्चीत बसला आणि उठेचना. चोबीचे उपचार मात्र लांबणार होते. धावायचं नाही, चढ चढायचा नाही.

तेव्हापासून रोज सकाळी देवळाच्या चढावर गोन्ता पुढे चालतो, आणि मागून तामेओ चोबीला छातीशी बांधून धापा टाकत येतो. फुमिए-सान छत्री धरून सोबत असतात.

"कुणाचा हो हा?" वाटेत कुणी विचारतं.

"माझा," तामेओ म्हणतो, आणि फुमिए-सान त्याला खोटं पाडत नाहीत.