केरबाचा गळा आणि पहिला पेला

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर केरबाच्या म्हशीला मान होता, पण त्याहून थोडा जास्त केरबाला होता. हे म्हशीला ठाऊक असावं, कारण ती त्याच्याकडे कायम तिरकं बघायची. उजाडताना तो तिला कट्ट्याशी आणून उभी करी, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत पितळी चरवीत धार काढी, आणि फेसाळ दुधाचा पहिला पेला कुणालाही न देता स्वतः उभ्या उभ्या रिचवी. मिशीवरचा फेस तो पुसत नसे. तशा मिशीनं चौफेर नजर टाकली की कट्ट्यानं समजायचं, दुधात पाणी नाही. पाण्याचा तांब्या तर तो चरवीच्या आसपास फिरकू देत नसे. म्हशीची कास धुणंसुद्धा घरी उरकून येई. तहान लागली तर गल्लीत जाऊन, भिंतीकडे तोंड करून पाणी पिई. लोकांनी बघितलं तर उगाच शंका नको.

लग्नाच्या आधीपासून दूध पिणाऱ्या ह्या माणसाची हाडं पोलादाची असायला हवी होती. पण शहाऐंशी साली नुसती भरलेली चरवी उचलताना त्याचं मनगट मोडलं. त्याआधी मुतखड्यानं त्याला दोनदा लोळवलं होतं. आता तर डोक्यातही धुकं साचायला लागलं. धार काढून झालेल्या म्हशीखाली तो पुन्हा चरवी घेऊन बसला, तेव्हा म्हशीनं लाथ घातली आणि बायकोनं, तानाबाईनं, त्याला दवाखान्यात घातलं.

रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलंय."

"वाढणारच की. दूध काय थोडं प्यालोय?"

"आणि हाडांत कमी झालंय."

केरबानं तानाबाईकडे पाहिलं. तानाबाईनं डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी कागदावर गळा काढून दाखवला. गळ्यात चार बारक्या ग्रंथी असतात, तुरीच्या डाळीएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. त्यातली एक वाढून बेताल झाली आहे, आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात टाकते आहे.

"म्हंजे चार म्हशीतली एक माजावर आलीया," केरबा म्हणाला. "आनि दुधाचा ह्यात काय दोष?"

"दुधाचा काहीच दोष नाही."

"ह्ये जरा कट्ट्यावर येऊन सांगा की."

डॉक्टर हसले, पण पुढचं हसण्यासारखं नव्हतं. "ऑपरेशन करून ती काढावी लागेल. चारातली कुठली, ते आधी फोटोत दिसलं तर तेवढीच काढतो. नाही दिसली, तर गळा उघडून चारही धुंडाळत बसावं लागेल. तोपर्यंत दूध बंद, आणि पाणी भरपूर."

घरी येताना केरबा म्हणाला, "म्हंजे मी आता कट्ट्यावर दूध प्यायचं न्हाय आनि पाणी ढोसायचं."

"व्हय."

"मग म्हस इकून टाकू. कट्टा म्हणंल, केरबा सोता पीत न्हाय, पाणी घालतोय बघ."

"आदी गळ्याचं बघा," तानाबाई म्हणाली. "गळा ऱ्हायला तर म्हस."

केरबानं यातून आपला मार्ग काढला. घरी पाणी प्यायचं, कट्ट्यावर दूध प्यायचं, आणि डॉक्टरांना दोन्हीतलं अर्धंच सांगायचं.

सोनोग्राफीचं मशीन कोल्हापुरात तेव्हा नवीन होतं आणि लोकांच्या लेखी त्याचा उपयोग एकच होता. केरबा आत गेला तर बाकावर सगळ्या पोटुशा बायका. फोटो काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंसाठी म्हणून आणलेली दुधाची किटली मांडीवर घेऊन तो त्यांच्यात बसला. सुनेला घेऊन आलेल्या बयाबाईंनी त्याला न्याहाळलं.

"पावणं, कुणासंगं आलाय?"

"एकटाच हाय. माझाच फोटू काडायचाय."

बयाबाईंनी क्षणभर विचार केला. शहरात काय काय नवीन निघालंय, कुणी सांगावं. "मग पाणी प्यालासा का? पोट तुडुंब भरल्याबिगर आतलं दिसत न्हाय. माझ्या सुनंनं कळशी सपवली."

केरबा हादरला. गळा न दिसला तर डॉक्टर चारही धुंडाळणार. पाण्याचा माठ समोरच होता, पण माठाशेजारी त्याचं एक गिऱ्हाईक, आकाराम, बायकोला घेऊन बसलं होतं. त्याच्यादेखत केरबा पाणी पिणार? त्यानं किटलीचं झाकण काढलं आणि डॉक्टरीणबाईंचं दूध तिथंच संपवलं.

आत डॉक्टरीणबाईंनी त्याला उताणं झोपवलं, मान मागं टाकायला लावली, गळ्यावर गार चिकट काहीतरी फासलं आणि साबणाच्या वडीसारखं यंत्र फिरवायला सुरुवात केली.

"गिळू नका. बोलू नका."

केरबा बोलला नाही. पण मान खाली आणि पोट वर अशा स्थितीत किटलीभर दूध गप्प बसेना. ते वर यायचं, केरबा ते गिळायचा, आणि गळा पडद्यावर उसळी मारायचा. शेवटी एक ढेकर आली, तिनं बाईंचा हातच उडाला.

"काका, काय खाऊन आलात?"

"दूध."

"किती?"

"आत्ताचं का सकाळचं?"

बाईंनी यंत्र खाली ठेवलं. "गळ्याच्या फोटोला पोट कशाला भरायचं? उद्या पुन्हा या. सकाळपासून दुधाचा थेंब नको."

आता उद्याच्या सकाळचं काय? केरबानं गल्लीत भिंतीकडे तोंड करून पाणी पिताना बराच विचार केला. धुकं जास्तच दाट झालं.

दुसऱ्या दिवशी धार झाली. पहिला पेला भरला. केरबानं तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. फेस बसायला लागला.

"का रं?" आकाराम म्हणाला. "आज पाणी पडलं काय?"

"पाणी न्हाय पडलं. माझ्या गळ्यात चार डाळी हाईत, त्यातली एक हाडं खातीया. आज तिचा फोटू हाय. दूध प्यालो तर ती दिसत न्हाय."

कुणाला काही कळलं नाही. सांगणाऱ्यालाही फारसं कळलं नव्हतं. एक गिऱ्हाईक भांडं घेऊन शेजारच्या म्हशीकडे सरकलं.

तेवढ्यात गैबी पुढं आला. गैबी कल्हईवाला. केरबाच्या चरवीला वर्षानुवर्षं तोच कल्हई करायचा. त्यानं केरबाच्या हातातून पेला काढून घेतला, एका दमात रिकामा केला आणि मिशीवरच्या फेसासकट चौफेर बघितलं.

"पाणी न्हाय," गैबी म्हणाला. "चरवीची जामिनकी माझी, आता दुधाचीबी माझीच. केरबा, जा तू. फोटूत हसू नगंस."

सरकलेलं गिऱ्हाईक परत आलं.

फोटोत डाळ सापडली. डाव्या अंगाला, खालची, फुगून जांभळाएवढी झालेली. केरबानं बाईंकडून फोटोची एक प्रत मागून घेतली आणि कट्ट्यावर दाखवली. काळ्या-पांढऱ्या रेघोट्यांत आकारामला पूर आलेली पंचगंगा दिसली. गैबीनं तो उलटा धरून सांगितलं, कल्हई उडालेलं पातेलं आहे. जांभूळ कुणालाच दिसलं नाही, केरबालाही नाही, पण डॉक्टरांना दिसलं, आणि त्यांनी लहानशी चीर देऊन तेवढंच काढलं.

दुसऱ्या दिवशी केरबाच्या ओठांना मुंग्या आल्या आणि दोन्ही हातांची बोटं धार काढल्यासारखी आपोआप आखडायला लागली. तानाबाईनं डॉक्टरांना ओढतच आणलं.

"असं होतं," डॉक्टर म्हणाले. "हाडं इतके दिवस उपाशी होती. आता ती रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतायत. इंजेक्शन देतो, गोळ्या देतो. आणि काका, दूध प्या."

"पिऊ?"

"भरपूर."

केरबानं आखडलेली बोटं त्यांच्यापुढं धरली. "डॉक्टर, तुमचं एकदा काय ते ठरवा की."

गळ्याला पट्टी बांधून तो कट्ट्यावर परतला तेव्हा धार तानाबाईनं काढली आणि पहिला पेला सवयीनं गैबीकडे गेला. एवढ्या दिवसांत गैबीचे गाल वर आले होते. केरबानं हात पुढं केला.

"दे हिकडं. आता मला दूध सांगिटलंय."

"मागल्या बारीला नगं म्हणलं हुतं न्हवं?"

"म्हणलं हुतं."

"मग?"

"मला बी कळलं न्हाय," केरबा म्हणाला. "तू आदी पेला दे."

गैबीनं एक घोट आपल्या नावाचा घेतला आणि पेला दिला.