खुर्चीतला मी

शेजारची सहा वर्षांची रेवा आईशी भरभरून बोलते; परक्यांपुढे मात्र तिचा आवाज गोठतो. "काका, तिला बोल म्हणू नका. बोललीच, तर कौतुकही नको," तिची आई बजावते. माझ्यासारख्या गोष्टीवेल्हाळाला केवढी ही शिक्षा! तरी वर्षभर ती रोज माझ्याकडे गोष्टी ऐकायला येते.

काल चहा घेऊन माझ्या खोलीशी आलो, तर आतून मीच बोलत होतो! आवाज बारीक, पण खोकला माझा, "तर मंडळी" माझं, भुताची गोष्टही माझीच. अंगावर काटा आला. माझ्या खुर्चीत पाठमोरी रेवा भिंतीला गोष्ट सांगत होती. वर्षभर न बोलता ऐकलेलं सगळं तिने असं साठवलं होतं तर!

टाळीसाठी हात शिवशिवले. पण एका टाळीने तो आवाज पुन्हा गोठला असता.

"मंडळी, उभे का? बसा," न वळता ती माझ्या थाटात म्हणाली.

मी मुकाट बसलो.